त्यांच्या सहीशिवाय विमान हलत नसे

माझ्या पाकिटात अजून एक पास आहे. लॅमिनेट केलेला, कोपरे सोललेला. त्यावर माझा फोटो, फोटोखाली ‘रहिवासी क्रमांक दोन’, आणि ‘येण्याचे कारण’ या रकान्यात टपोऱ्या अक्षरात ‘वास्तव्य’. हा पास कुठल्या अणुभट्टीचा नाही. नाशकात इंदिरानगरच्या एका कॉलनीत शेवटच्या बंगल्याच्या माडीवर मी तीन वर्षं भाड्याने राहिलो, त्या बंगल्याच्या फाटकाचा आहे.

फाटकाशी घरमालक स्वतः उभे असत. साठीचे, सडपातळ, मिशी फूटपट्टीने आखल्यासारखी, गळ्यात कधीच मुदत संपलेलं एक ओळखपत्र आणि त्याच दोरीत एक छोटी किल्ली. मी ऑफिसातून दमून आलो की ते हात पुढे करत.

“पास?”

“काका, सकाळी तुम्हीच मला टाटा केलात.”

“सकाळी तुम्ही बाहेर जात होतात. जाणाऱ्याला कोण विचारतं? धोका येणाऱ्याचा असतो.”

एकदा मी विचारलं, क्रमांक एक कोण? म्हणाले, “मी.” मग काकू? “त्यांना क्रमांक नाही. त्या स्थानिक प्रशासन आहेत.”

आतून काकूंचा आवाज आला, “स्थानिक प्रशासनाने चहा टाकलाय. येताय का दोघं, की ओतू मोरीत?”

काका चौदा वर्षं वाळवंटातल्या एका देशात नोकरीला होते. देश एकाचा आणि त्यात लष्करी तळ भलत्याच दुसऱ्या देशाचा, अशी ती व्यवस्था. तळ उघडताना त्या दोन देशांनी आपसात तह केला होता आणि त्या तहाचं नववं कलम सांगत होतं, की तळावर काम करणाऱ्या बाहेरच्या माणसांच्या पगारावर तिथल्या सरकारने प्राप्तिकर लावू नये. बस, एवढंच. पण ते एक वाक्य काकांच्या आयुष्यात असं काही शिरलं, की मग बाहेर पडलंच नाही. तहाची एकतीस पानी झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते सगळीकडे बरोबर नेत. त्यांचं पक्कं मत होतं, की नवव्या कलमाने त्यांना करमुक्ती दिलेली आहे. कुठला कर? सगळे. कुठे? सगळीकडे. किती काळ? तहात मुदत लिहिलेली नाही.

कॉलनीने त्यांचं नाव ‘कलम नऊ’ ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि फार आवडत होतं.

गणपतीची वर्गणी मागायला मंडळाचा अध्यक्ष पावतीपुस्तक घेऊन आला, तेव्हा काकांनी त्याला ओट्यावर बसवून नववं कलम दोनदा वाचून दाखवलं.

“वर्गणी हा एक प्रकारचा करच. मला लागू नाही.”

अध्यक्ष पोरसवदा असला तरी कच्चा नव्हता. “काका, मग महाप्रसाद कुठल्या कलमात बसतो तेवढं बघून सांगा. पंगत मांडायच्या आत सांगा फक्त.”

काकांनी खरोखर एकतीसही पानं चाळली. तोवर मागच्या दाराने काकूंनी वर्गणी देऊन टाकली होती. पुढे मला कळलं की सगळं असंच चाले. घरपट्टी, पाणीपट्टी, कॉलनीचा देखभाल खर्च, सगळं काकू गुपचूप भरत आणि काका समजत, की तह पाळला जातोय.

घोटीच्या टोलनाक्यावरचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. गाडी त्यांची, मागे मी आणि काकू. काकांनी गाडीला फास्टॅग लावलाच नव्हता, कारण लावणं म्हणजे कर मान्य करणं. खिडकीतल्या माणसापुढे त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी धरली.

“हे काय, आधार हाय का?”

“त्याच्याही वरचं आहे. आंतरराष्ट्रीय.”

“काका, मागं लय गाड्या थांबल्यात.”

“थांबू द्या. तुमच्या साहेबांना बोलवा. म्हणावं, कलम नऊचा माणूस आलाय.”

मागून ट्रकवाल्यांनी असे काही भोंगे लावले, की डोंगरातली माकडं उठून बसली असतील. काकूंनी माझ्या अंगावरून हात लांबवून दुप्पट टोल दिला, दांडी वर गेली आणि काका गाडी पुढे घेत म्हणाले, “बघितलंत? कागद दाखवला की मानतात.”

मी तेव्हा एका करसल्लागाराकडे लोकांची रिटर्नं भरायचं काम करत होतो. हे ऐकल्यावर काकांनी मला सहा महिने संशयाखाली ठेवलं होतं. एके रविवारी धीर करून मी त्या तहाचं सह्यांचं पान पाहिलं आणि म्हणालो, “काका, यावर भारताची सहीच नाही.”

“नाहीच.”

“म्हणजे भारताला हा लागू नाही.”

“सही नाही म्हणजे हरकतही नाही,” काका म्हणाले आणि पिशवीची चेन लावली.

तळावर ते नेमकं काय करत, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की ते इकडेतिकडे बघत आणि आवाज खाली आणत. “ते सांगता येत नाही. एवढंच सांगतो, माझ्या सहीशिवाय तिथलं एकही विमान हलत नव्हतं.” संध्याकाळी कॉलनीच्या सभागृहापुढे म्हातारे जमत, त्यांना हे एक वाक्य वर्षानुवर्षं पुरलं होतं. त्यांच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, त्यांनी तर क्षेपणास्त्रांपर्यंत मजल नेली होती. टीव्हीवर कुठेही युद्धाची बातमी लागली, की गुरुजी काकांकडे बघत आणि काका आकाशाकडे.

आणि कांदा! कांदा राहिलाच. त्या घरात कांद्याला बंदी होती. लसूण चाले, मुळा चाले, अंड्यालाही कुणाची ना नव्हती, फक्त कांदा नाही. भाडेकराराच्या चौदाव्या कलमात तसं लिहून माझी सही घेतली होती. नाशकात राहायचं आणि रविवारची मिसळ कांद्याशिवाय खायची! मी पहिल्याच महिन्यात तस्करी सुरू केली. एक कांदा, रुमालात गुंडाळून, रुमाल डब्यात, डबा बॅगेत. फाटकाशी काकांनी हात पुढे केला. मी पास दिला. त्यांनी पास पाहिला नाही, नाक किंचित वर केलं.

“उन्हाळ आहे. निफाडकडचा. कांदाचाळीत दोन महिने पडलेला. एका बाजूने दबलाय.”

मी डबा उघडला. कांदा एका बाजूने दबलेला होता.

“बाहेर टाकून या,” ते म्हणाले. पण टाकायच्या आधी त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्याने वरची पत्ती चोळली आणि क्षणभर कानाशी नेला, डॉक्टर छाती तपासतात तसा. मला वाटलं, हे लष्करी प्रशिक्षण असणार. बाँब असेच तपासत असतील.

मग नोटीस आली.

प्राप्तिकर खात्याचं म्हणणं साधं होतं. नोकरी सोडून आलात त्या वर्षी परदेशातून बरीच रक्कम खात्यात आली, ती रिटर्नात दिसत नाही, खुलासा करा. काकांनी मला न विचारता खुलासा केला. एकतीस पानं स्कॅन करून पाठवली आणि वर एक ओळ लिहिली: ‘कृपया कलम नऊ पाहावे व क्षमा मागावी.’

दुसरी नोटीस जास्त जाड आली. त्या संध्याकाळी काकू पहिल्यांदाच जिना चढून माडीवर आल्या. गुडघे दुखत होते, दारातच बसल्या.

“भाऊ, तुम्ही यातले आहात. कर, व्याज, दंड सगळं धरून किती होतं?”

मी आकडा सांगितला. काकूंनी माडीच्या भिंतींवरून नजर फिरवली.

“म्हणजे ही माडी जाणार. हिच्या भाड्यावर आमचं म्हातारपण आहे, भाऊ. यांचा तह काय मला औषधं आणून देणार?”

मी सकाळची वाट न बघता लगेच खाली जाऊन पासपोर्ट मागितला. कारण खरी सुटका तहात नव्हतीच, ती कॅलेंडरात होती. त्या आर्थिक वर्षात काका भारतात एकशे ब्याऐंशी दिवसांपेक्षा कमी राहिले असतील, तर ते अनिवासी ठरत होते आणि तिथल्या पगारावर इथे कर लागत नव्हता. त्या वर्षी ते एकदाच आले होते, कायमचे. ऑक्टोबरमध्ये आले असतील तर सुटले. सप्टेंबरमध्ये आले असतील तर माडी गेली.

“ऑक्टोबर,” काका म्हणाले. “बारा तारीख.”

मी पान उघडलं. बारा हा आकडा स्वच्छ दिसत होता. महिन्याच्या जागी तेलाचा भलामोठा तांबडा डाग होता. तळावरून निघाल्याचा शिक्काही त्याच डागाखाली बुडालेला.

“लोणचं,” काकू म्हणाल्या. “यांनीच पासपोर्ट बरणीखाली ठेवला होता. म्हणे, शत्रू तिथे शोधणार नाही.”

तिकीट नव्हतं, कारण तळाच्याच विमानाने आणून सोडलं होतं. सरकारकडून प्रवासाची नोंद मागवायची तर महिने लागले असते आणि सुनावणी दहा दिवसांवर आलेली. उरला एकच कागद: तळाने काकांना कामावरून मोकळं केल्याचं पत्र. त्यावर नोकरीचा शेवटचा दिवस असणारच.

“आहे ना ते?” मी विचारलं.

काकांचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला; ती त्यांच्या लोखंडी पेटीची होती. “आहे. मिळणार नाही.”

“का?”

“गोपनीय.”

“काका, माडी जाईल.”

“जाऊ द्या. तहावर लढू.”

दहा दिवस मी विनवलं. काकूंनी दोनदा भांडून पाहिलं, एकदा रडून पाहिलं आणि शेवटी तीन दिवस अबोला धरला. म्हणजे स्थानिक प्रशासन संपावर गेलं. काकांनी स्वतः पिठलं करून खाल्लं, बिनकांद्याचं, आणि किल्ली काही गळ्यातून काढली नाही. त्या दिवसांत फाटकाशी ते मला पासही मागत नव्हते. त्यावरून मी ओळखलं, की माणूस आतून हललाय.

सुनावणी व्हिडिओवर होती. अलीकडे अधिकारी कोण, कुठल्या गावचा, काही कळत नाही. देशात कुठेतरी बसलेला एक आवाज असतो. काकांच्या बंगल्यात इंटरनेट नव्हतं. सिग्नल पकडले जातात असं त्यांचं म्हणणं. म्हणून कॉलनीचं सभागृह घेतलं आणि तिथल्या मोठ्या टीव्हीला माझा लॅपटॉप जोडला. मी गेलो तर काय, खुर्च्या भरलेल्या! ‘आंतरराष्ट्रीय तहाची सुनावणी आहे, अवश्य यावे’ असं स्वतः काकांनीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. पहिल्या रांगेत गुरुजी, इस्त्रीच्या सदऱ्यात. मंडळाच्या अध्यक्षाने तर वेफर्स आणले होते.

काका आले. निळा ब्लेझर, चकचकीत बूट, कडेवर मूल घ्यावं तशी प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी कॅमेऱ्याला कडक सॅल्यूट ठोकला. पलीकडे अधिकाऱ्यांचा कॅमेरा बंदच होता, त्यामुळे टीव्हीवर नुसता काळा चौकोन आणि त्याच्यासमोर सॅल्यूट.

आवाज एका तरुण बाईंचा होता. “सर, बैठिए. आप उस साल भारत कब लौटे?”

“मॅडम, पहले कलम नऊ देखने का.”

“सर, वो ट्रीटी हमने पढ़ी है. पूरी.”

काका थबकले. इतक्या वर्षांत तो तह पूर्ण वाचलेला दुसरा माणूस त्यांना भेटला नव्हता. “पूरी?” त्यांनी हळू विचारलं.

“पूरी. उसमें इंडिया है ही नहीं. आप डेट का प्रूफ दीजिए. रिलीविंग लेटर है आपके पास?”

“है.”

“तो दिखाइए.”

“वो गोपनीय है.”

 काळा चौकोन अगदी सौम्यपणे म्हणाला, “सर, आज शाम तक नहीं मिला तो मुझे ऑर्डर पास करना पड़ेगा. टैक्स लग जाएगा.”

सभागृहात वेफर्सचा आवाज थांबला. काकू शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. तीन दिवसांचा अबोला त्यांनी तिथूनच मोडला.

“अहो, मला काय हवंय ते सांगू? मला तह नको आणि विमान नको. मला माझी माडी हवी.”

काकांनी मागे वळून पाहिलं. मग गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी इतक्या भक्तिभावाने बघत होते, की मलाच वाईट वाटलं. काकांचा हात ब्लेझरच्या आतल्या खिशात गेला आणि बाहेर आला तो पिवळा लिफाफा घेऊन. म्हणजे किल्ली घरीच चालवून आला होता गडी! आणला होता कागद, फक्त काढायचा धीर नव्हता.

ते उभे राहिले. चष्मा लावला. आणि हवाई दलप्रमुखाच्या नेमणुकीचं पत्र वाचावं तशा आवाजात त्यांनी इंग्रजी पत्र वाचायला घेतलं. अमुक नावाचे गृहस्थ आमच्या तळावर चौदा वर्षं सेवेत होते. त्यांचा शेवटचा दिवस, अकरा ऑक्टोबर.

“नोट कर लिया,” बाई म्हणाल्या. “और डेजिग्नेशन, सर? रिकॉर्ड के लिए.”

काकांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. 

“भोजन विभाग,” काका म्हणाले. मग मराठीतच म्हणाले, “कांदा प्रतवारी पर्यवेक्षक.”

“जी?”

“ऑनियन, मॅडम. अच्छा कौन सा, सड़ा कौन सा, ये मैं देखता था.”

“ठीक है सर. अपलोड कर दीजिए. धन्यवाद.” काळा चौकोन मिटला. त्या बाईंना काही वाटलंच नाही. त्यांना तारीख हवी होती.

पण खुर्च्या तशाच भरलेल्या होत्या. गुरुजींनी घसा साफ केला. “म्हणजे... ते विमान?”

“सांगतो,” काका म्हणाले. “प्रत्येक विमानात जेवणाचे डबे चढायचे. डब्यात कांदा. कांद्याच्या तक्त्यावर माझी सही असल्याशिवाय डबे चढत नव्हते. डबे चढल्याशिवाय वैमानिक चढत नव्हता. आता तुम्हीच सांगा गुरुजी, माझ्या सहीशिवाय विमान हललं असतं?”

गुरुजींनी मनातल्या मनात सगळं पडताळून पाहिलं. “नसतं,” ते म्हणाले. “तर्काने नसतं.”

मग काका खुर्चीवर बसले आणि कुणी न विचारता बोलू लागले. घर लासलगावचं. वडील आणि थोरला भाऊ कांद्यात. एकदा लिलावात वडिलांनी चारचौघांत यांच्या अकलेचा लिलाव केला, तेव्हा हे ट्रॅक्टरवर चढून ओरडले होते, की मी आता जगाच्या पाठीवर कुठेही जाईन, मिलिट्रीत जाईन, पण कांद्याचं तोंड बघणार नाही.

“गेलो. विमानात बसून गेलो. पहिल्या दिवशी तिथल्या साहेबाने माझे कागद पाहिले. जन्मगावाशी बोट थांबलं. ‘लासलगाव?’ म्हणाला. इतका खूश झाला, इतका खूश झाला! माझा हात धरून गोदामाकडे घेऊन गेला. कुलूप काढलं. दार उघडलं.”

“काय होतं आत?” मंडळाचा अध्यक्ष वेफर हातात धरून बसला होता.

“चारशे गोण्या.”

“कांद्याच्या?”

“कांद्याच्या. आणि गोण्यांवर छाप कुठला?”

सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, “लासलगाव!”

आणि मग जो हशा उसळला, त्यात काका कधी सामील झाले ते मला कळलं नाही. फक्त काकू हसत नव्हत्या. पदराने डोळे टिपत त्या मला म्हणाल्या, “भाऊ, पहिल्या सुट्टीला आले तेव्हाच मला कळलं होतं. बॅग उघडली आणि कांद्याचा वास शेजारच्या तीन घरांत गेला. पण म्हटलं, सांगू देत त्यांचं त्यांना.”

महिन्याभराने आदेश आला. चार ओळींचा. सदर इसम त्या वर्षी अनिवासी होता, सबब कर नाही. माडी वाचली. काकूंनी कॉलनीत पेढे वाटले. मी खाली गेलो तर काका आदेशाचा कागद भिंगाखाली धरून बसलेले, चेहरा पडलेला.

“यात कलम नऊ कुठे आहे?”

“काका, तुम्ही जिंकलात.”

“दिवस मोजून जिंकलो. दिवस काय, कैदीसुद्धा मोजतात. मला सूट तहाने मिळाली पाहिजे. अपील करा.”

“तुमच्याच बाजूच्या निकालावर?”

“कारण चुकीचं आहे ना! बरोबर माणसाला चुकीच्या कारणाने सोडलं तर तो अन्यायच.”

मी अपिलाचा मसुदा केला. होय, केला. असल्या अपिलाचं काय होणार ते ठाऊक होतं, पण असा मसुदा लिहायची संधी माझ्या धंद्यात पुन्हा येत नाही. ‘अपीलकर्ता आपल्या विजयाने व्यथित आहे’ हे वाक्य माझं. ते वाचून काकांनी मला रहिवासी क्रमांक दोनवरून ‘दीड’ वर बढती दिली.

सही व्हायची होती त्या सकाळी आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसलो होतो. मसुदा टेबलावर, काकांच्या हातात पेन, टोपण काढलेलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कचकच असा विळीचा आवाज आला. काकांचं नाक किंचित वर झालं. ते उठले, पेन हातात तसंच, आणि दारात जाऊन उभे राहिले. मीही मागे गेलो. काकू विळीवर बसून कांदा चिरत होत्या. त्या घरातला पहिला. पोह्यांसाठी, बारीक, उघड्यावर, कुणाचीही परवानगी न घेता.

 काका खाली वाकले, परातीतली एक फाक उचलली, उजेडात धरली.

“चाळीतला आहे,” ते म्हणाले. “आतून कोंब धरलाय. हा विमानात गेला नसता.”

“आपल्याकडे विमान नाही,” काकू म्हणाल्या. “ते पेन ठेवा आणि ताटल्या घ्या.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, हातातल्या फाकेकडे पाहिलं. पेनाचं टोपण लावून ते खिशात अडकवलं. मग फाक तोंडात टाकली आणि ताटल्या काढायला गेले.